तोंड मिटायची शाळा

कप्तानांनी उभ्या जन्मात खाडीच्या मुखाबाहेर होडी काढली नव्हती, तरी सगळं गाव त्यांना कप्तानच म्हणायचं. लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. बायकोला होडीतून फिरवून आणावं म्हणून हे निघाले, बोलण्याच्या नादात पाणी कधी उतरलं याचा पत्ताच लागला नाही, आणि होडी भर खाडीत चिखलावर जाऊन बसली. काठावरून लोक ओरडायला लागले, “अहो, उतरा की! गुडघाभर तर चिखल आहे, चालत या!” पण पायात नवी कोरी विजार. हे तिथूनच गरजले, “कप्तान आपलं जहाज सोडत नसतो!” आणि पाणी परत चढेपर्यंत सुकाणूला हात लावून ऐटीत बसून राहिले. बायको तोवर चपला हातात घेऊन घरी पोचली होती, जेवून-खाऊन, भांडी घासून मोकळीही झाली होती.

पुढे त्याच चिखलाने त्यांचं घर चालवलं. कप्तानांची शेती कालवांची. कालव म्हणजे ओबडधोबड पाठीचा शिंपला. खडकाला चिकटून वाढतो आणि आत लुसलुशीत, खारा जीव. कप्तानांचे वडील ही कालवं खडकावरून खरवडून आणायचे. सगळेच आणायचे. खरवडून खरवडून शेवटी खडक न्हाव्याच्या हाताखालून उठल्यासारखे तुळतुळीत झाले, आणि गावातले निम्मे लोक दुसऱ्या धंद्याला लागले. कप्तान मात्र रोज रिकामी टोपली घेऊन जायचे आणि रिकामीच घेऊन यायचे.

“नुसतं आणायचंच माहीत आहे तुम्हाला,” एक दिवस बायको म्हणाली. “खाडीला कधी काही परत दिलंत?”

“काय देऊ? आहेर?”

“शिंपले द्या.”

घरामागे रिकाम्या शिंपल्यांचा ढीग होता, खिडकीला टेकलेला. कालवाच्या पिल्लाला बसायला कालवाचीच पाठ आवडते, हे तिने त्या ढिगातून पाण्यात घरंगळलेल्या शिंपल्यांवर पाहून ठेवलं होतं. दोघांनी मिळून शिंपल्यांना भोकं पाडली, दोरीत ओवली आणि त्या माळा खाडीत टांगल्या. गाव हसलं. पण पुढच्या मोसमात त्या माळांवर नखाएवढी पिल्लं दाटीवाटीने बसली होती, आणि हसणाऱ्यांपैकी काही जण हळूच शिंपले मागायला आले.

तेव्हापासून त्या घराची रीत ठरली. पिल्लं मोठी झाली की माळेवरून सोडवायची, जाळीच्या पिशव्यांत भरायची आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या लोखंडी मांडण्यांवर ठेवायची. भरती जे आणेल ते खातात, वर पाणी निवळून देतात. ना चारा, ना औषध. तळव्याहून लहान असेल ते परत पाण्यात. खडकावर उरल्यासुरल्या कालवाला हात लावायचा नाही, ती पिल्लांची आई. आणि खाडीचा एक तुकडा आळीपाळीने मोकळा सोडायचा. “खाडीपण दमते हो,” असं कप्तान सांगायचे, स्वतःलाच दम लागल्यासारखा चेहरा करून.

माणूस बोलायला मोठा आणि मनाने लोणी. लेक लहान असताना आईने तिला शिक्षा म्हणून पायरीवर बसवलं, की मागच्या खिडकीतून खाऊ पुरवणारा हात कुणाचा, हे शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक होतं. 

ती लेक आता मोठी होऊन लांबच्या शहरात एका ऑफिसात होती. यंदा भलीमोठी रजा काढून नवऱ्याला घेऊन आली, आणि पहिल्याच जेवणाला तिने सांगून टाकलं, “आम्हाला इथेच राहायचंय. हेच काम करायचंय.”

कप्तानांचा घास हातातच राहिला.

“पण,” लेक म्हणाली, “गावात जेवढी खपतात तेवढ्यावर दोन माणसांचं भागतं, चार माणसांचं नाही. जास्त काढायची म्हटली तर खाडी पुरायची नाही.”

“मग?”

“मग आहे तीच कालवं, पण त्यांची कदर करून चांगला भाव देणाऱ्यापर्यंत न्यायची. माझ्या ऑफिसजवळ एक हॉटेल आहे. तिथल्या शेफबाईंशी बोललेय मी. एक खेप मागवून बघणार आहेत. त्यांची एकच अट आहे, कालवं बंद तोंडाने पोचली पाहिजेत. वाटेत तोंड उघडलं, आतलं पाणी सांडलं, की त्या घेणार नाहीत.”

“आणि नाही घेतली तर?” आईने विचारलं.

“तर रजा संपली की आम्ही परत.”

त्या दिवसापासून कप्तानांना दुसरं काही सुचेना. जाळी ठेवायची खोली त्यांनी रिकामी केली, धुतली, होडीचा उरलेला निळा रंग दाराला फासला. रंग वाळायच्या आत जावयाला आग्रहाने खोली दाखवायला नेलं. जावई नकाशे काढायचं काम करणारा, अतिशय सभ्य आणि अतिशय अबोल. त्याच्या पाठीवर दाराची निळी चौकट उमटली. तो म्हणाला, “छान आहे.” बस, इतकंच.

“जावईबापू, तुम्ही दोन शब्द जास्त बोललात तर सरकार दंड करतं का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही,” जावई म्हणाला.

आता प्रश्न असा, की कालवाला तोंड मिटून राहायला शिकवायचं कसं. त्याची एक पद्धत आहे. खाडीत वाढलेल्या कालवाला पाण्याची सवय. पाण्याबाहेर आलं की थोड्या वेळाने त्याचा धीर सुटतो आणि ते आ वासतं. पण रोज थोडं थोडं जास्त वेळ बाहेर ठेवलं, की तोंड मिटून धरणारा आतला स्नायू दणकट होतो. आज जरासा वेळ, उद्या त्याहून जरा जास्त. चांगलं तयार झालेलं कालव मग लांबच्या प्रवासातही ओठ उघडत नाही.

लेकीने धक्क्याच्या वाशाला कप्प्या लावल्या, दोऱ्यांना टोपल्या बांधल्या, निवडक कालवं भरली. ओढली की टोपली वर, सैल सोडली की पाण्यात.

“ही यांची शाळा,” ती म्हणाली. “शिस्त म्हणजे शिस्त. मी सांगीन तेव्हाच खाली.”

“तोंड मिटायची शाळा? आणि या घरात?” आई हातातली सुरी खाली ठेवून हसत सुटली. “अगं, आधी तुझ्या बापाचं नाव घाल त्यात!”

“मी काय बोलतो एवढं?” कप्तान म्हणाले, आणि आपण फारसं का बोलत नाही यावर जेवणापर्यंत बोलत राहिले.

पहिले काही दिवस बरे गेले. मग कोरडं वारं सुटलं. दुपारी धक्क्याची फळकुटं तापायची, टोपल्या वर टांगलेल्या, आणि कप्तान खाली बसून जाळी शिवायचे. मधूनच वरून आवाज यायचा. फुस्स. एखादं कालव जरा सैल होऊन श्वास टाकल्यासारखं करायचं. कप्तानांची सुई थांबायची.

“काय रे बाळांनो? घसा कोरडा पडला?”

फुस्स.

यांना त्यांनी नखाएवढी असल्यापासून वाढवलेलं. माळेवरून एकेक हाताने सोडवलेलं. समोर हातभर खाली गार पाणी, आणि ही लेकरं दोरीला लटकलेली! त्यांनी घराकडे पाहिलं. जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते. दोरी हळूच सैल केली. टोपली डुबुक करून पाण्यात गेली.

“प्या. लवकर प्या. शाळेच्या बाई उठायच्या आत.”

आणि लेक उठायच्या आत टोपल्या परत वर. वरून पाणी ठिबकायचं, त्यावर कप्तान गोणपाट फिरवून घ्यायचे. हे दुसऱ्या दिवशीही झालं, तिसऱ्याही. पुढे त्यांनी दिवस मोजणं सोडून दिलं.

खेप पाठवायच्या आधी लेकीने परीक्षा घेतली. एक टोपली स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुपारीच मांडली आणि सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. सकाळी कप्तान चहाला आले, तर लेक टेबलाजवळ नुसती उभी. टेबलावर पाण्याचं थारोळं. टोपलीतल्या निम्म्याहून जास्त कालवांनी आ वासलेला, जणू सगळी मिळून एका सुरात गाणं म्हणतायत. तिने एकाच्या पाठीवर टकटक केलं. त्याने आळसाने तोंड अर्धवट मिटलं, आणि परत उघडलं.

“काही शिकलीच नाहीत,” ती म्हणाली. “एवढ्या दिवसांत काही म्हणजे काही नाही.”

“वारं गरम होतं ना,” कप्तान पुटपुटले.

“वाऱ्याचं काय? मी रोज वेळ वाढवत होते. नीट बघून वाढवत होते. म्हणजे माझीच पद्धत चुकली. किंवा आपल्या खाडीच्या कालवांत तेवढी ताकदच नाही.” ती टेबल पुसायला लागली. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत होती. “जाऊ दे. शेफबाईंना फोन करून नाही म्हणते. ऑफिसातही कळवते, रजा संपतेच आहे.”

आई बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर. लेकीने फोन उचलला, नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत होती ती सगळ्यांना ऐकू येत होती.

कप्तान एकदा फोनकडे, एकदा टोपलीकडे बघत होते. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. लेक निमूट बॅग भरून जाईल, आणि जन्मभर म्हणत राहील की मला जमलं नाही. माझ्याच्याने झालं नाही. 

“थांब,” ते म्हणाले. “मी पाजलं त्यांना.”

“काय पाजलं?”

“पाणी.”

लेकीने फोन कानापासून लांब धरला. “कधी?”

“दुपारी.”

“कुठल्या दुपारी, बाबा?”

“सगळ्याच.”

पलीकडे घंटा वाजतच होती. मग आईचा स्फोट झाला. “अहो! कालवाला पाणी पाजलं तुम्ही? उद्या होडीला अंघोळ घालाल!”

“तहानलेली होती गं. फुस्स करायची.”

“फुस्स करायची! तुम्ही जन्मभर फुस्स करताय, तुम्हाला मी कधी खाडीत बुडवलं?”

“मी वेड्यासारखी रोज वेळ वाढवतेय,” लेकीचा आवाज चिरकला, “आणि तुम्ही मागून...! मला वाटलं माझंच काहीतरी...” ती रडते की हसते हे तिचं तिलाही कळत नसावं. एकदम ती नवऱ्याकडे वळली. तो कोपऱ्यात कपातल्या चहाकडे फार बारकाईने बघत होता. “तू! तू दुपारी झोपत नाहीस. तू खिडकीत बसून चित्रं काढतोस. तुला दिसलं असेल.”

“हो,” जावई म्हणाला.

“आणि बोलला नाहीस?”

“बाबा होते,” तो म्हणाला. थोडा विचार करून त्याने पुस्ती जोडली, “मला वाटलं, हेही अभ्यासक्रमात असेल.”

“बघा!” आई म्हणाली. “या घरात तोंड मिटायला येतं असा एकच प्राणी, आणि त्याने नेमकं नको तिथे मिटलं!”

त्याच वेळी फोनमधून बाईंचा आवाज आला. “हॅलो? हॅलो, काय चाललंय तिकडे?”

लेक काही बोलायच्या आत कप्तानांनी फोन ओढून घेतला. “नमस्कार बाई. मी बाप बोलतोय. कालवांचा नाही, मुलीचा. म्हणजे तसा दोघांचाही.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दोरी, डुबुक, गोणपाट, काही वगळलं नाही. “पोरीची काही चूक नाही. तिची शिस्त चोख होती. शाळा मी बिघडवली.”

पलीकडून कसलीशी खुसखुस ऐकू आली. मग लक्षात आलं, बाई हसत होत्या.

“काका, माझ्या स्वयंपाकघरात भांडी फोडणारे पाहिलेत, मीठ विसरणारे पाहिलेत. कालवांची दया येणारे तुम्ही पहिले.” त्यांनी हसू आवरलं. “ठीक आहे. पुढच्या महिन्यात पाठवा. पण मी एकदाच बघणार. ती उघडी आली, तर परत फोन करायचा नाही.”

“नाही करणार.”

“आणि तुम्ही त्या धक्क्यापासून लांब राहायचं.”

कप्तानांनी लेकीकडे पाहिलं. “ते मी तिला विचारून सांगतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

“मला लांब ठेवू नकोस,” ते लेकीला म्हणाले. “दोरी मीच ओढणार. मी बिघडवलंय, मीच घडवीन.”

“आणि त्यांनी फुस्स केलं तर?”

कप्तानांची बोटं आपोआप दोरी सैल सोडल्यासारखी हलली. 

लेकीने त्यांचा हात धरला आणि त्यांना धक्क्यावर नेलं. वर टांगलेल्या टोपलीतून तिने एक घट्ट मिटलेलं कालव काढलं, सुरी बिजागरीत सारली आणि अलगद उघडलं. आत काठोकाठ पाणी. स्वच्छ, गार.

“हे बघा, बाबा. तोंड मिटलंय तोवर खाडी आतच आहे त्याच्या. तहान उघड्या तोंडाच्याला लागते.”

“आयुष्यभर कालवं उघडलीत तुम्ही,” मागून आई आली होती, “कधी एक तरी कोरडं निघालं?”

कप्तानांनी त्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. “डोक्याला माहीत होतं गं,” ते म्हणाले. “हाताला नव्हतं.”

लेकीने रजा महिनाभर वाढवून घेतली आणि शाळा पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. या खेपेला कप्तान टोपल्यांकडे पाठ करून बसायचे. फुस्स आवाज आला की मोठ्याने बोलायला लागायचे. आधी कालवांशी, मग वाऱ्याशी, मग पलीकडच्या काठावर होडीला डांबर लावत बसलेल्या माणसाशी, ज्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं पण तो माणुसकीने हात हलवायचा. एका दुपारी वारं फारच तापलं. कप्तान तीनतीनदा दोरीपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी घराकडे तोंड करून ओरडले, “जावईबापू! जरा येऊन बसा इथे. माझा भरवसा नाही!”

जावई चित्रांची वही घेऊन आला आणि शेजारी बसला. दोघं संध्याकाळपर्यंत बसून होते. कप्तान बोलत होते, जावई मधूनमधून “हो” म्हणत होता. घरी आल्यावर कप्तानांनी बायकोला सांगितलं, “मुलगा फार छान गप्पा मारतो.”

महिना संपत आला तसं फुस्स ऐकू येईनासं झालं. टोपल्या सबंध दिवस वर राहिल्या तरी आतून आवाज नाही. कप्तानांना ते जरा सुनंसुनंच वाटलं.

खेप निघाली त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कालवं भरली. खोलगट बाजू खाली, चपटी वर, एकमेकांना घट्ट खेटून, म्हणजे हलायला जागा नको; वर ओलं गोणपाट. मालाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जावई बसला. “पोचलास की सगळं सांग हं, नीट, सविस्तर,” लेक म्हणाली. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ओहोटी पुरती लागलेली होती आणि तिघंही मांडण्यांमध्ये चिखलात उभे होते. लेकीने खांद्याने फोन कानाला दाबून धरला.

“पोचलास? मग?”

कप्तान चिखल तुडवत येऊन फोनला कान लावून उभे राहिले. 

“बंद,” पलीकडून जावई म्हणाला.

“किती? सगळी?”

“एक उघडं होतं. बाईंनी टकटक केलं. बंद झालं.”

“आणि? अरे बोल ना, देवा! त्या काय म्हणाल्या?”

“दर आठवड्याला पाठवा म्हणाल्या,” जावई म्हणाला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न विचारता बोलत सुटला. बाईंनी कालव कसं उघडलं, आतलं पाणी कसं काठोकाठ होतं, त्यांनी ते पिऊन डोळे कसे मिटले, मदतनिसांना कसं बोलावून दाखवलं, गाडीत झोप कशी लागली नाही, ड्रायव्हरला किती मुलं आहेत. फोन लेकीच्या खांद्याला चिकटून राहिला आणि मान अवघडली, तरी त्याचं संपेना.

“आता याला कोण गप्प करणार?” आई म्हणाली, पण तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं आणि पदराच्या टोकाने नाक पुसत होती.

लेकीने लगेच दुसरा फोन लावला, ऑफिसला. चिखलात एक पाय रुतलेला, दुसरा उचललेला. “नाही, रजा आणखी वाढवून नकोय,” ती सांगत होती. “नाही साहेब, मी येतच नाहीये. आवाज? हा चिखलाचा आवाज आहे. हो, चिखल. मी त्यातच उभी आहे.” 

तिने फोन ठेवला आणि बापाकडे पाहिलं. कप्तानांना खूप काही बोलायचं होतं. एरवी तोंडाला कधी कुलूप न लागणारा माणूस. पण ते नुसते तिच्याकडे बघत राहिले, ओठ गच्च मिटून.

“बाबा, असे बघत उभे राहू नका,” लेक म्हणाली. “दर आठवड्याची खेप आहे. निवडलेली कालवं वेगळी ठेवायला मांडण्या लागतील. कुठे टाकायच्या?”

“तिकडे,” कप्तानांनी हात केला. “त्या पलीकडच्या वळणाला.”

“तो तुकडा यंदा मोकळा सोडलाय,” आई म्हणाली. “तिथे नाही.”

“मग पुढच्या वर्षी तिथे. यंदा इकडे, काठालगत.”

“इकडे पाणी उथळ आहे.”

“उथळ नाही, बरोबर आहे!”

“बाबा, आई बरोबर सांगतेय.”

“अगं, तुम्हा दोघींच्या जन्माआधीपासून ही खाडी मी...”

“माझ्या जन्माआधीपासून? लग्नात मी काय पाळण्यात होते?”

आणि तिघंही एकाच वेळी बोलायला लागले, हातवारे करत, एकमेकांना तोडत. मागून पाणी चढत आलं, घोट्याला लागलं, पोटरीला लागलं, तरी मांडण्या कुठे टाकायच्या ते काही ठरेना.